मदत हवी आहे: ट्रायल चालू असताना मुलाखतींतून कळलेलं टीमला सांगायचं का?

नमस्कार मंडळी,

हात धुण्याच्या सवयीवरच्या एका क्लस्टर आरसीटीत (चिठ्ठ्या टाकल्यासारखे वस्त्यांचे दोन गट पाडून केलेली चाचणी) मी गुणात्मक भाग, म्हणजे मुलाखती वगैरे, सांभाळते. निम्म्या वस्त्यांत आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी साबण देतात आणि आईशी सविस्तर बोलतात. बाकीच्या वस्त्या कंट्रोलमध्ये, म्हणजे नुसत्या तुलनेसाठी. मोजायचे आहेत लहान मुलांचे जुलाब. ट्रायल निम्म्यावर आली आहे आणि मी पेचात पडले आहे.

निरीक्षणाच्या फॉर्मवर ‘घरात साबण आहे’ या रकान्यात जवळपास सगळीकडे ‘होय’. मुलाखतीत मात्र आया सांगतात, मुलं पाण्यात घालून संपवतात म्हणून साबण उंच फळीवर ठेवलाय. म्हणजे फॉर्म खरा आहे, पण मुलाचा हात तिथवर पोचत नाही. कार्यकर्त्या म्हणतात, प्रत्येक घरी ठरलेलं सगळं बोलत बसलं तर दिवसाची घरं उरकत नाहीत, म्हणून साबण देऊन पुढे निघतो. हे त्यांनी विश्वासाने सांगितलंय.

टीमच्या कानावर घातलं तर सुपरवायझर त्यांना धारेवर धरणार, भेटी सुधारणार, आणि मग आपण नेमकं काय तपासलं हेच सांगता येणार नाही. आमचे संख्याशास्त्रज्ञ म्हणतात, डेटा लॉक होईपर्यंत, म्हणजे आकडे कायमचे बंद होईपर्यंत, अवाक्षर नको. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण गप्प राहिले तर शेवटी ‘परिणाम आढळला नाही’ एवढंच छापलं जाईल, याची धास्ती वाटते.

व्हॉइस ट्रायल सारखी आठवते. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतल्या 5,029 स्त्रिया. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज गोळी किंवा जेल. त्यांच्या सांगण्यावरून आणि परत आलेल्या गोळ्या मोजून नियमितपणा 90 टक्क्यांच्या आसपास दिसत होता. रक्ताच्या नमुन्यांत मात्र औषध सापडलं जेमतेम 25 ते 30 टक्क्यांत. रक्ताचे निकाल समोर ठेवून नंतर मुलाखती घेतल्या, तेव्हा बायका मोकळेपणी बोलल्या: दुष्परिणामांची भीती, आणि गोळ्या पाहून लोक आपल्यालाच एचआयव्ही आहे समजतील ही धास्ती.

अजून एक. कंट्रोलमधल्या घरी हात धुण्याबद्दल तासभर विचारलं, तर तोच एक हस्तक्षेप, म्हणजे सवय बदलणारा उपक्रम, होत नाही का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

ताई, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची प्रक्रिया-मूल्यमापनाची (उपक्रम प्रत्यक्षात कसा राबवला गेला हे तपासण्याची) 2015 ची मार्गदर्शिका नेमकं यावर बोलते. उणिवा दिसल्या की दुरुस्त करायच्या की नुसतं पाहायचं, हे आधीच ठरवून लिहून ठेवा असं ती सांगते. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, दुरुस्ती चालते. परिणामकारकता तपासणाऱ्या ट्रायलमध्ये शक्यतो हात लावू नये. कुणाला इजा होत असेल तर मात्र लगेच कळवायचं, तिथे थांबणं नाही. प्रोटोकॉलमध्ये हे नसेल तर तपशील न देता ट्रायलवर देखरेख करणाऱ्या सुकाणू समितीकडून नियम ठरवून घ्या.

तुमचं विश्लेषण मुख्य निकाल उघडण्याआधी तारखेसह बंद करा. निकाल कळल्यावर त्याच उताऱ्यांत हवा तो अर्थ दिसू लागतो. कंट्रोलच्या मुलाखती शेवटच्या मोजणीनंतर घ्या, किंवा मोजणीत नसलेल्या घरी.

धागाकर्ती:

मनापासून आभार. समितीच्या पुढच्या बैठकीत मांडते. एक शंका उरतेच: कार्यकर्त्या मोजक्याच आहेत. नाव काढलं तरी वस्ती आणि बोलण्याची लकब यावरून सुपरवायझर ओळखतील. अहवालात त्यांचे उतारे द्यायचे तर तुम्ही लोक काय करता?