अंगाला लावायचं सनस्क्रीन: पीएची अधिकचिन्हं बघू की मोठी बाटली घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे.

रोज दीड-दोन तास गाडी चालवते. खिडकीकडचा हात कोपरापासून मनगटापर्यंत दुसऱ्यापेक्षा चांगलाच काळवंडलाय. घड्याळ काढलं की पट्ट्याखालची जागा तेवढी मूळ रंगाची दिसते. काच बंद असते, एसपीएफ ५० लावूनच निघते, मग हे कसं?

शोधल्यावर उलगडा झाला. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजून लाल होण्याबद्दलचा, म्हणजे यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांचा. साध्या काचेत यूव्हीबी बहुतेक अडतं. दुसरा प्रकार यूव्हीए, तो मात्र बराच आत येतो आणि तोही काळवंडवतो. यूव्हीएपासूनचं संरक्षण पीएपुढच्या अधिकचिन्हांवरून कळतं आणि माझ्या ट्यूबवर आहे फक्त पीए++. म्हणजे यूव्हीए संरक्षण ४ ते ८ च्या मधलं. वाईट वाटलं, इतके दिवस मी नुसता ५० बघून घेत होते.

आता दोन पर्याय समोर आहेत. एक पीए++++, म्हणजे १६ किंवा त्याहून जास्त, पण ट्यूब ५० मिलिलिटरची. दुसरं २०० मिलिलिटरचं बॉडी लोशन, एसपीएफ ३०. त्यावर पीए छापलेलंच नाही, गोलात यूव्हीए लिहिलंय. ती युरोपातली खूण, यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश असल्याची. म्हणजे किमान १०, पीए+++ च्या घरात. हिशोब बरोबर आहे ना?

खरी अडचण मात्र लावण्याच्या प्रमाणाची आहे. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. तसं लावायचं तर एका हाताला साधारण एक छोटा चमचा, ५ मिलिलिटर. दोन हातांतच ती ट्यूब पाच दिवसांत संपेल. मग मी नक्की हात आखडता घेणार, आणि पातळ थराला छापील आकडा लागू होत नाही. त्यापेक्षा मोठी बाटली घेऊन सढळ हाताने लावावं असं वाटतंय. चुकतेय का?

आणखी एक. लोशनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन आहे. हा यूव्हीए अडवणारा घटक. तो उन्हात टिकावा म्हणून जोडीला ऑक्टोक्रिलीनसारखं काही लागतं म्हणे. यादीत ते दिसतंय, तेवढं पुरे का? आणि अ‍ॅव्होबेन्झोनमुळे पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांवर धुतल्यावर पिवळट डाग उमटलेत का कुणाच्या? वापरणाऱ्यांनी नक्की सांगा, या आठवड्यात घ्यायचंच आहे.