कोडमधून पिक्सेल-चित्रे: यादृच्छिकतेला आकार कसा द्यावा?

प्रश्न: मी पी-फाइव्ह-जेएसमध्ये (कोड लिहून चित्रे काढण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) १६ × १६ चौकटींची चित्रे तयार करतो, परंतु प्रत्येक चौकटीचा रंग यादृच्छिक निवडल्यामुळे चित्राऐवजी नुसता गोंगाट दिसतो. आकार ओळखीचा वाटावा, तरीही प्रत्येक चित्र वेगळे निघावे, यासाठी काय करावे?

उत्तर: आधी डावा अर्धाच भाग रचा आणि तोच उजवीकडे आरशातल्यासारखा उलटा उमटवा, कारण सममिती दिसताच डोळा तिथे चेहरा किंवा कीटक शोधू लागतो. ८ × ८ च्या दुरंगी चित्रात अशा वेळी केवळ ३२ चौकटी ठरवाव्या लागतात, तरीही सुमारे ४२९ कोटी रचना संभवतात. रंग मात्र चार-पाचच ठेवा. माझ्या मते नवशिक्यांची बहुतेक चित्रे रंगांच्या अतिरेकानेच बिघडतात.

उत्तर: सलग आकार हवे असतील, तर केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेला पर्लिन नॉइज (यादृच्छिक, तरीही सलग बदलणारी मूल्ये देणारी पद्धत) वापरून पाहा, त्यात शेजारच्या बिंदूंची मूल्ये एकमेकांच्या जवळची येत असल्यामुळे ढग आणि डोंगर आपसूक उमटतात. सीडची संख्याही (जिच्यापासून यादृच्छिक मूल्यांची मालिका सुरू होते ती) जपून ठेवा, म्हणजे आवडलेले चित्र पुन्हा हुबेहूब काढता येईल.

उत्तर: चित्र मोठे करताना पूर्णांकी पटच (दुप्पट, तिप्पट अशी) घ्या, अन्यथा काही चौकटी शेजारच्यांपेक्षा रुंद दिसतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. सममितीपासूनच सुरुवात करतो.