बर्गर कशाला म्हणायचं आणि सँडविच कशाला?

भाचा न्यू जर्सीत वाढलेला. सुट्टीत पुण्याला आला होता, म्हणून कोपऱ्यावरून त्याच्यासाठी चिकन बर्गर आणला. गोल बन, आत तळलेला चिकनचा अख्खा तुकडा, मेयोनीज, कोबी. दोन घास खाऊन म्हणाला, "मावशी, हा बर्गर नाहीये, हे सँडविच आहे." मी म्हटलं, अरे, सँडविच चौकोनी ब्रेडचं असतं! शेवटपर्यंत दोघंही आपापल्या मतावर ठाम. आता मलाच प्रश्न पडलाय की या दोन शब्दांमधली रेघ नेमकी कुठे आहे. पाव, आतलं सारण, की गरम-गार?

प्रतिसाद

ताई, भाच्याचं अमेरिकेत बरोबर आणि तुमचं पुण्यात.

पाव काढून बघा, लगेच कळेल. अमेरिकेत बनमधून खिम्याची चपटी टिक्की बाहेर काढली तरी ती बर्गरच राहते. शेगडीवर नुसत्या टिक्क्या भाजत असतील तरी 'बर्गर भाजतोय' असंच म्हणतात. तिथल्या सरकारी नियमानुसार 'हॅम्बर्गर' म्हणून विकायचा खिमा गोमांसाचाच हवा आणि त्यात चरबी ३० टक्क्यांपर्यंतच चालते. म्हणजे नाव खिम्याचं आहे, पावाचं नाही. चिकनचा अख्खा तुकडा बनमध्ये घातला की त्याचं सँडविच होतं, कारण खिमाच नाही. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे मात्र गोल बन आला की बर्गर. आपल्या बर्गरचा बन काढला तर हातात राहते ती टिक्की. तिला कुणी बर्गर म्हणत नाही.

सँडविचचा ब्रेड काढला तर काकडी, टोमॅटो, बटाटा आणि चटणी उरते, सँडविच उरतच नाही. ते नाव रचनेचं आहे.

व्युत्पत्तीही सांगतो, मला ती फार आवडते. हॅम्बर्ग हे जर्मनीतलं शहर. त्यातला 'बुर्ग' म्हणजे कोट, गड. जर्मनमध्ये गावाच्या नावाला 'अर' लावला की त्या गावचा: बर्लिनर, फ्रँकफर्टर, हॅम्बर्गर. आपल्या 'कर'सारखंच. हॅम्बर्गच्या नावाचा खिम्याचा पदार्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. पण इंग्रजी कानाला 'हॅम्बर्गर'मध्ये 'हॅम' म्हणजे डुकराचं मांस ऐकू आलं, आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटला. मागे उरलेला 'बर्गर' १९३०च्या दशकात स्वतंत्रपणे फिरू लागला आणि चीजबर्गरसारखे शब्द झाले. रायगडकर तोडून 'राय' आणि 'गडकर' करावं आणि मग बटाटागडकर, पनीरगडकर अशी नावं पाडावीत, तसं झालं हे.

सँडविचही मुळात गावच, इंग्लंडच्या केंट परगण्यातलं. तिथली सरदारकी असलेले चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांच्यावरून पदार्थाचं नाव पडलं. एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत २४ नोव्हेंबर १७६२ रोजी हा शब्द आढळतो. पत्त्यांच्या टेबलावरून उठायला नको म्हणून अर्लनी ब्रेडमध्ये मांस मागवलं ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण ते आरमाराचे प्रमुखही होते, तेव्हा कामाच्या टेबलावरच खात असावेत असं त्यांच्या चरित्रकारांचं मत आहे. मला ते जास्त पटतं.

प्रतिसाद

हा वाद कोर्टातही गेलेला आहे. २००६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका शॉपिंग सेंटरच्या भाडेकरारात दुसरं सँडविचचं दुकान येऊ द्यायचं नाही अशी अट होती, आणि बुरिटोचं दुकान येत होतं. न्यायाधीशांनी बुरिटो सँडविच नाही असं ठरवलं, कारण सँडविचला ब्रेडचे दोन तुकडे लागतात आणि बुरिटोला एकच पोळी. २०२४ मध्ये इंडियानातल्या न्यायाधीशांनी उलट निकाल दिला: टॅको आणि बुरिटो ही मेक्सिकन पद्धतीची सँडविचंच.

प्रतिसाद

मराठीत तो बर्गर आणि ते सँडविच. 'दोघांच्या भांडणात माझं सँडविच झालं' असं आपण सर्रास म्हणतो, 'माझा बर्गर झाला' असं कुणी म्हणत नाही. वर म्हटलेला रचनेचा मुद्दा इथे पक्का होतो. दोन्हीकडून दाबलं जाणं हे मराठीने सँडविचमध्येच पाहिलं.

टिक्कीला पॅटिस म्हणावं का, हाही घोळ आहे. रगडा पॅटिसमधलं पॅटिस बटाट्याचं, आणि पुण्यातल्या बेकरीत पॅटिस मागितलं तर पापुद्र्यांचं मिळतं. बर्गरपुरतं टिक्कीच बरं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पाव काढून बघायची युक्ती मी वडापावावरही करून पाहिली. पाव काढला तर वडा वडाच राहतो आणि पाव पावच. वडापाव, समोसापाव, भुर्जीपाव: आपण नावातच दोघांनाही मान देतो. म्हणून वडापावाला 'इंडियन बर्गर' म्हटलेलं मला खटकतं. ज्याचं नाव इतकं स्वच्छ आहे, त्याला तुटक्या शब्दाची उसनवारी कशाला?

बटाट्याच्या टिक्कीच्या बर्गरला मात्र मी बर्गरच म्हणत राहीन, आमच्या गल्लीत तोच अर्थ चालतो. भाच्याला रायगडकर-गडकरचं कळवलं. त्याचा उलट निरोप आला, "मग फ्रँकी कशात?"