गाईच्या दुधाचा नमुना ‘कमी दर्जाचा’ आला: फौजदारी खटला होतो का?

प्रश्न: रतीब घालणाऱ्या गवळ्याच्या दुधात फॅट ३.० टक्के आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.१ टक्के निघालं. अटक होते का?

उत्तर १: नाही. गाईच्या दुधाला किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ लागतं, त्याखाली ते कमी दर्जाचं. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५१ नुसार ५ लाखांपर्यंत दंड, तोही फौजदारी कोर्टात नाही, तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे (दंड ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे). १९५४ च्या जुन्या अन्न भेसळ प्रतिबंध कायद्यात एवढ्यावरही तुरुंग होता, ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. मात्र युरिया, डिटर्जंट सापडून अहवालात ‘असुरक्षित’ आलं तर कलम ५९, म्हणजे फौजदारीच.

उत्तर २: दुधाच्या तपासणीचा अहवाल हाती पडल्या दिवसापासून ३० दिवस मोजा. तेवढ्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा विभागाच्या स्थानिक प्रमुखाकडे) फॉर्म ८ मध्ये अपील करा, म्हणजे दुधाच्या नमुन्याचा राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेकडे (फेरतपासणीच्या वरच्या प्रयोगशाळेकडे) पाठवता येतो. ही मुदत गेली की पुढे हात बांधले जातात.

उत्तर ३: नमुना घेताना कॅन तळापासून ढवळला होता का, ते पंचनाम्यात बघा. साय वर तरंगते. तळाचं दूध काढलं तर फॅट कमीच दिसणार. नमुन्याचे चार भाग होतात. चौथा स्वखर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची मागणी तिथेच लेखी द्या. नमुना टिकावा म्हणून घालतात ते फॉर्मॅलिनही बघा, २५ मिली दुधाला दोन थेंब. ते नीट मिसळलं नाही तर दूध नासतं.