लातूरहून थिबा राजवाडा : सोसायटीच्या ग्रुपवर

ए-२०३ ताई : वहिनी, स्टेटसला समुद्र बघून बघून आम्ही इथं जळायलोत. पोचलात ना घरी? आता नीट लिहा. नुसते बदाम टाकून सुटका नाही.

बी-३०२ वहिनी : आलो काल रात्री, रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघून. सगळ्या कपड्यांतून वाळू निघायली अजून. रस्ता म्हणाल तर आपल्या दारातलाच, रत्नागिरी–नागपूर महामार्ग. तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरला की कोकण.

बी-३०२ दादा : मिरजेला आमची गाडी आपोआप हळू झाली. २०१६ च्या दुष्काळात इथूनच पाण्याची रेल्वे आली होती आपल्या लातूरला. हात जोडले बसल्या जागी.

सी-१०१ भाऊ : ते ठीक आहे दादा, पण जुनं घर बघायला पाचशे किलोमीटर? औशाचा किल्ला आहे की जवळ. उदगीरचा आहे. पेट्रोलचे पैसे वाचले असते.

बी-३०२ वहिनी : औशाच्या बुरुजावरून समुद्र दिसत असेल तर सांगा भाऊ, उद्या डबा बांधते.

ए-२०३ ताई : 😂😂 भाऊ गप.

बी-३०२ वहिनी : आम्ही मुक्काम गणपतीपुळ्याला केला. तिथून रत्नागिरीला दोन वाटा. एक निवळीवरून महामार्गाची, लांबची. दुसरी समुद्राच्या कडेनं, आरे-वारेची, साधारण पंचवीस किलोमीटर. मोबाईल काय सांगतो ते सोडा, आरे-वारेच धरा. आधी सुरूचं बन लागतं, मग खाडीवरचा पूल, मग रस्ता डोंगराच्या अंगानं वर चढतो आणि एका वळणावर खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. आमचं बोलणंच बंद पडलं. आता एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. पुळ्याहून रत्नागिरीला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीत. मला सगळा डोंगर! आणि हे बघायलेत समुद्राकडं, समोर वळण. मी ओरडून ओरडून दमले. परतताना मात्र समुद्र माझ्या बाजूला. तेव्हा बायकांनो, रत्नागिरीहून पुळ्याकडं जा.

बी-३०२ दादा : मी रस्त्याकडंच बघत होतो. ग्रुपवर बदनामी नको.

सेक्रेटरी काका : मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा. चर्चा चालू द्या.

ए-१०१ गुरुजी : राजवाड्याचं सांगा. शाळेत असताना मुलांना सांगायचो, पण बघणं झालं नाही.

बी-३०२ वहिनी : गुरुजी, तुमची आठवण काढली तिथं. बाहेरून भव्यच आहे. तीन मजली, उतरती कौलारू छपरं. भिंती जांभ्याच्या. आपल्या काळ्या दगडाची सवय असलेल्या माणसाला तो दगड जाळी पडलेल्या धिरड्यासारखा वाटतो, हात लावल्याशिवाय राहवत नाही. वर अर्धगोल खिडक्या, लाकडावर नक्षी आणि रंगीत काचा. आत नाचाचा दिवाणखाना, संगमरवरी फरशीचा. राजाच्या वापरातल्या काही वस्तू आहेत, बाकी पुराणवस्तूंचं संग्रहालय. सोमवारी बंद असतो, लक्षात ठेवा.

सी-१०१ भाऊ : म्हणजे निम्मा रिकामाच?

बी-३०२ वहिनी : हाव. सिंहासन, झुंबरं असल्या अपेक्षेनं जाल तर पंधरा मिनिटांत बाहेर याल. एक कुटुंब तसंच आलं आणि गेलं. त्या माणसाची गोष्ट माहीत असेल तर मात्र पाय निघत नाही. गुरुजी, तुम्हीच सांगा, मला टाईप करून कंटाळा आला.

ए-१०१ गुरुजी : सांगतो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तिथं रेल्वे नव्हती, कोकण रेल्वे आली १९९८ ला. असा आडबाजूचा गाव नजरकैदेला बरा. पुढं सावरकरांनाही १९२४ पासून तिथंच स्थानबद्ध ठेवलं. आणि उलट बाजू बघा, आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर त्यांनी रंगूनला धाडला. तो १८६२ ला तिकडंच वारला. इकडचा तिकडं, तिकडचा इकडं.

ए-२०३ ताई : अरे देवा. हे माहीतच नव्हतं.

बी-३०२ वहिनी : आणि ताई, हा राजवाडा झाला १९१० ला! तोवर चोवीस वर्षं ते कुटुंब दुसऱ्याच बंगल्यांत. चार मुली, धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. नव्या वाड्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला, १९१६ ला वारला. समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी आणि मुली १९१९ ला परत गेल्या. थोरली मात्र पुन्हा इकडं आली, रत्नागिरीच्याच माणसासोबत संसार केला तिनं. मी वरून भाट्याची खाडी आणि मागचा समुद्र बघत उभी होते. हे म्हणाले काय सुंदर जागा निवडलीय. मला मात्र त्या राणीचा राग आल्यासारखं झालं, म्हणजे तिच्या वतीनं. रोज उठून तेच पाणी बघायचं आणि त्याच्या पलीकडं जायची परवानगी नाही.

बी-३०२ दादा : त्यानंतर जेवायला बसलो तरी ही गप्पच. सुरमई थंड झाली.

सी-१०१ भाऊ : आता मलाही बघावं वाटायलंय. जेवणाचं काय? आमच्या घरी माळकरी आहेत.

बी-३०२ वहिनी : पुळ्याला शाकाहारी खानावळी भरपूर, मोदक, सोलकढी. भाकरी मात्र तांदळाची मिळते. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, आंबा घाटातच संपली.

सी-२०२ काकू : मला गाडी लागते गं. घाट किती मोठा आहे?

बी-३०२ वहिनी : वळणं आहेत काकू. पुढच्या सीटवर बसा, पोट रिकामं ठेवू नका. पावसाळ्यात धुकं असतं, दिवाळीनंतर जा.

ए-१०१ गुरुजी : दिवाळीनंतर कुणी निघणार असेल तर एक सीट माझी धरा. मागची चालेल.

सी-१०१ भाऊ : गुरुजी, माझी गाडी सात सीटची आहे. काकू पुढं, तुम्ही मधे. डिझेल वाटून घेऊ.

सेक्रेटरी काका : गाडी काढण्याआधी दोन महिन्यांचा मेंटेनन्स, भाऊ.