बिशप सिप्रियन यांचे अज्ञातवासात जाणे समर्थनीय होते का?

धागाकर्ता : उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराचे ख्रिस्ती बिशप सिप्रियन यांचा 14 सप्टेंबर 258 रोजी शिरच्छेद झाला आणि ते रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) ठरले, याविषयी वाद नाही. माझा आक्षेप त्याआधीच्या वर्तनावर आहे. प्रत्येकाने रोमन देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम सम्राट डेशियसने काढला, तेव्हा रोमचे बिशप फेबियन यांनी जानेवारी 250 मध्ये मरण पत्करले. सिप्रियन मात्र कार्थेज सोडून गेले. मागे राहिलेल्यांनी तुरुंगात हाल सोसले, आणि भीतीपोटी श्रद्धा सोडलेल्यांनी किती प्रायश्चित्त घ्यावे हे ठरवायला पुढे हेच बिशप सरसावले, हे मला पटत नाही.

प्रतिसाद 1 : एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असे स्वतः येशूनेच शिष्यांना सांगितले होते. सिप्रियन यांना सिंहापुढे टाका, अशी मागणी जमाव करीत होता. ते शहरात थांबते, तर त्यांच्यामुळे साऱ्या मंडळीवर संकट ओढवले असते. शिवाय अज्ञातवासातूनही ते पत्रे लिहून धर्मगुरूंना सूचना देत होते आणि गोरगरिबांसाठी पैसे पाठवीत होते.

प्रतिसाद 2 : तरीही रोमच्या धर्मगुरूंनी त्याच वर्षी कार्थेजला धाडलेल्या पत्रात, लांडगा येताच कळप सोडून पळणाऱ्या मोलकऱ्याचा उल्लेख केला होता. म्हणजे हा आक्षेप आजचा नाही.

प्रतिसाद 3 : मग 257 मध्ये ते कसे वागले तेही पाहा. प्रांताधिपती पातेर्नसने इतर धर्मगुरूंची नावे विचारली, तेव्हा चुगलखोरीला तुमच्याच कायद्यात मनाई आहे, असे सांगून त्यांनी एकही नाव उघड केले नाही आणि कुरुबिस या गावची हद्दपारी स्वीकारली. पुढच्या वर्षी त्यांना युटिका या दुसऱ्या शहरात नेण्याचे ठरल्याचे कळताच ते पुन्हा लपले, पण कारण अगदी वेगळे होते : बिशपाने आपल्याच नगरात, आपल्याच लोकांसमोर साक्ष द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षा ऐकून ते ‘देवाचे आभार’ एवढेच बोलले, आणि मारेकऱ्याला 25 सुवर्णनाणी देण्यास त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. रक्त टिपून घेण्यासाठी लोकांनी त्यांच्यापुढे कापडे अंथरली होती. पळपुट्या मेंढपाळासाठी कोणी असे करील, असे मला वाटत नाही.

धागाकर्ता : 258 मधील त्यांच्या धैर्यापुढे मीही नतमस्तक आहे. परंतु तुरुंगात यातना भोगलेल्यांनी पतितांना (श्रद्धा सोडलेल्यांना) क्षमेची पत्रे दिली होती, आणि ती पुरेशी मानण्यास सिप्रियन यांनी नकार दिला. तो अधिकार यातना सोसणाऱ्यांचा अधिक होता, असेच माझे मत आहे.

प्रतिसाद 1 : ती पत्रे सरसकट वाटली जात होती; काहींत तर ‘अमुक आणि त्याचे कुटुंबीय’ एवढेच लिहिलेले असे. प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी व्हावी, हा 251 च्या कार्थेज येथील बिशपांच्या परिषदेचा निर्णय मला त्याहून न्याय्य वाटतो.