सी ग्लास समुद्रातली की मशिनातली, कसं ओळखायचं?

अनघा_कोथरूड
बहिणीने ऑनलाइन मागवलेली सी ग्लास (समुद्राच्या लाटांनी घासून गुळगुळीत झालेले फुटक्या बाटल्यांचे तुकडे) वाढदिवसाला दिली. पिशवीभर तुकडे आहेत, त्यात लाल आणि निळेच जास्त. दिसायला सुरेख, पण सगळे जवळजवळ एका मापाचे. पेंडंट करून घ्यायचा विचार आहे. समुद्रातलीच आहे की मशिनात घासून केलेली, हे घरी तपासता येईल?

किनारेवाली
पिशवीत लाल जास्त म्हणताय, तिथेच शंका येते. किनाऱ्यावर मिळते ती मुख्यतः पांढरी, हिरवी आणि तपकिरी, कारण रोजच्या बाटल्या त्याच रंगांच्या असायच्या. कोबाल्ट निळी औषधांच्या बाटल्यांची, ती कमी. लाल तर क्वचितच.

दहापट भिंग घ्या आणि तुकडा तिरप्या उजेडात धरा. खऱ्या काचेवर बारीक बारीक चंद्रकोरी दिसतात, एकीवर एक, वाटेल त्या दिशेला. लाटांनी तिला गोट्यांवर आपटल्याच्या त्या खुणा. शिवाय पाणी काचेतला सोडा आणि चुना हळूहळू ओढून घेतं, म्हणून पृष्ठभागावर खळगे पडतात. याला काही दशकं लागतात. तशी दिसावी म्हणून ॲसिडात बुडवलेली नकली काच सगळीकडून सारखीच दुधी होते, चंद्रकोरी नसतात.

मी इंग्लंडमध्ये सन्डरलंडला राहते. इथून दक्षिणेला सीहॅम आहे. जॉन कँडलिश यांनी 1853 मध्ये तिथे बाटल्यांचा कारखाना काढला, तो 1921 पर्यंत चालला. उरलीसुरली काच सरळ समुद्रात टाकायचे. शंभर वर्षं उलटली, तरी वादळानंतर ती गोट्यांत सापडते. एकाच तुकड्यात दोन-तीन रंग असले की इथले लोक त्याला ‘मल्टी’ म्हणतात. माझ्याकडे एक आहे, चिंचोक्याएवढा: पांढऱ्यात निळ्याची रेघ, कडेला पिवळ्याचा जेमतेम ठिपका. त्या भट्टीवर राबणाऱ्या माणसांच्या हातचं काहीतरी आपल्या तळहातावर आहे, या जाणिवेसाठीच मी कडाक्याच्या वाऱ्यात तिथे वाकून फिरते. म्हणून मशिनातली काच समुद्राची म्हणून विकली की मला मनापासून राग येतो.

कडा धारदार असतील ती काच अजून कच्ची. अशी मी उचलत नाही.

सह्याद्री_सॅन होजे
उन्हाळ्यात इथे कॅलिफोर्नियातच फोर्ट ब्रॅगला जातोय. तिथल्या ग्लास बीचवरची आणू का?

किनारेवाली
नको! 1906 ते 1967 गावचा कचरा तिथल्या किनाऱ्यावर पडायचा, त्यातली ती काच. पण आता ग्लास बीच मॅकेरिचर स्टेट पार्कमध्ये येतो, तिथून उचलायला मनाई आहे. लोकांनी खिसे भरून नेल्यामुळे काच पूर्वीपेक्षा खूप कमी उरली आहे. बघा, फोटो काढा, तिथेच राहू द्या.

अनघा_कोथरूड
शेजारच्या काकांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग आणलं. लाल-निळ्यांत एकावरही चंद्रकोर नाही. तळाशी दोन हिरवे होते, त्यांच्यावर मात्र भरपूर!

किनारेवाली
मग तेच दोन घ्या. सोनाराला भोक पाडू देऊ नका, चांदीच्या तारेत गुंफून मागा. आणि पॉलिश अजिबात नको, चंद्रकोरी जातील.